सायलेन्सर बंदुकीला हवा की कानाला?

सायलेन्सर हा शब्द आपल्या गावात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गॅरेजवाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत सर्वांना तो ठाऊक आहे. मोटारसायकलच्या मागची ती नळी. ती धड असली की गाडी गुमान चालते आणि एखाद्या हौशी वीराने ती काढून टाकली की रात्री अख्ख्या गल्लीची झोप उडते. याच नावाची एक वस्तू बंदुकीच्या तोंडालाही लावतात, आणि अमेरिकेत तिच्यावरून गेली काही वर्षे मोठा वाद चालू आहे. त्या देशात १९३४ पासून अशा प्रत्येक सायलेन्सरवर २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला. कर काढा म्हणणाऱ्यांनी जे कारण पुढे केले, ते ऐकून आम्हा डॉक्टर मंडळींनी कान टवकारले. ते म्हणतात, सायलेन्सर हे गुन्हेगाराचे हत्यार नव्हे, ते कान वाचवणारे साधन आहे.

बातमी अमेरिकेची, मग आपल्या जिल्ह्याच्या पेपरात, तेही आरोग्याच्या सदरात, हा विषय कशाला, असे कोणी विचारील. वाचकहो, जरा आजूबाजूला पाहा. पोलीस शिपाई दरवर्षी गोळीबाराच्या सरावाला जातो. एन.सी.सी.ची मुले-मुली कॅम्पमध्ये पोटावर पडून रायफल चालवतात. बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा असलेला रखवालदार बहुधा निवृत्त फौजी असतो. कोकणात आणि घाटमाथ्याला डुकरे-माकडे राखायला शेतकऱ्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते. ही सगळी माणसे आपलीच आहेत, आणि त्यांच्या कानांचा विचार करायची वेळ आली आहे. अमेरिकेतल्या वादाचे निमित्त साधून तो करावा, एवढाच आजचा हेतू.

बाप बंदूकवाला, लेक सायलेन्सरवाला

हायरम मॅक्झिम हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते. अमेरिकेत १८४० मध्ये जन्मलेल्या आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या या गृहस्थाने १८८४ मध्ये घोडा दाबून ठेवला की आपोआप गोळ्या झाडत राहणारी मशिनगन तयार केली. इंग्रजांनी ती आपल्या साम्राज्यात ठिकठिकाणी वापरली. मॅक्झिमसाहेब ही तोफच म्हणावी अशी बंदूक स्वतः चालवून दाखवत. वर्षानुवर्षे तिच्याजवळ उभे राहिल्याचा परिणाम असा झाला, की उतारवयात त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येईनासे झाले. त्यांना छातीचाही विकार होता. त्यासाठी त्यांनी मेंथॉलची वाफ ओढण्याचे एक उपकरण स्वतःच बनवले. छातीसाठी त्यांना उपाय सापडला. कानासाठी सापडला नाही.

योगायोग असा, की त्यांच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्झिमने, बंदुकीचा सायलेन्सर बनवला आणि १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचा आवाज कमी करणारी साधनेही काढली. म्हणजे आपल्या मोटारसायकलचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर हे एकाच घराण्यातले.

दोघांचे तत्त्वही एकच. प्रेशर कुकर गॅसवरून उतरवल्याबरोबर कोणी शिटी उपटली तर वाफ केवढ्या जोराने बाहेर येते, हे घरातल्या बाईमाणसांना सांगायला नको. तीच वाफ हळूहळू जाऊ दिली तर नुसती फुसफुसते. बंदुकीत दारू पेटते, तिचा तापलेला वायू गोळीला पुढे ढकलतो आणि गोळीच्या पाठोपाठ नळीतून एकदम बाहेर पडतो. त्याचाच तो धडाका. सायलेन्सरच्या डब्यात या वायूला पसरायला आणि थोडे थंड व्हायला जागा मिळते, आणि तो सावकाश बाहेर पडतो. जोर ओसरला की आवाजही ओसरतो.

सिनेमातली 'फुस्स'

आता मुख्य मुद्दा. सिनेमात खलनायक पिस्तुलाला नळी लावतो, 'फुस्स' होते आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. हे तद्दन खोटे आहे.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात हे आता सर्वांना माहीत आहे. पण या मापाची एक गंमत ध्यानात ठेवायला हवी. ते भाजी तोलण्याच्या तराजूसारखे नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते, वीस वाढले की शंभरपट, तीस वाढले की हजारपट. आपले नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. बंदुकीचा आवाज, लहान .२२ रायफलपासून मोठ्या लष्करी रायफलीपर्यंत, साधारण १४० ते १७० डेसिबलच्या घरात जातो. साठ आणि एकशे साठ यांत दिसायला शंभराचा फरक आहे, पण शक्तीचा हिशेब केला तर तो एक हजार कोटी पट होतो. ढोबळ हिशेब असला तरी डोळे उघडायला पुरेसा आहे.

चांगला सायलेन्सर यातले साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे १६० चे १३० झाले असे धरा. कानाच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे, यात शंका नाही. पण १३० डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. शिवाय वायूचा आवाज कमी झाला तरी गोळीचा आवाज उरतोच. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रायफलीची गोळी सेकंदाला ७००-९०० मीटर जाते. आवाजापेक्षा वेगाने जाणारी वस्तू हवेत फटाका उडवल्यासारखा कडाका करते. गाडीवान चाबूक झटकतो तेव्हा टोकाशी जो फटकारा होतो, तोही याच जातीचा. त्या कडाक्यावर नळीच्या तोंडाला लावलेला डबा काही करू शकत नाही.

सारांश, सायलेन्सर बंदुकीला मुकी करत नाही, तिचा आवाज बराच उतरवतो. अमेरिकेतल्या वादात एक बाजू त्याला निव्वळ औषध समजते आणि दुसरी बाजू निव्वळ विष समजते. दोघेही अर्धेच खरे बोलतात.

कानात नेमके काय होते

कानाचा पडदा, त्याला चिकटलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवली हाडे, आणि पुढे शंखाच्या आकाराची नळी, हे शाळेच्या विज्ञानात सर्वांनी वाचले आहे. त्या शंखात केसांसारखे तुरे असलेल्या बारीक पेशी असतात. एका कानात सुमारे पंधरा हजार. आवाजाच्या लाटेने त्यांचे तुरे डुलतात आणि मेंदूला संदेश जातो. वाऱ्याने ज्वारीचे पीक डुलावे तसे. वारा सोसाट्याचा झाला की पीक आडवे होते, पण पाऊसपाण्याने ते कधी कधी पुन्हा उभे राहते. आणि वावटळीने मुळासकट उपटले की संपले. शेतकरी पुढच्या हंगामाला पुन्हा पेरतो. कानात पुन्हा पेरणी नाही. जन्मताना मिळालेल्या पेशी तेवढ्याच. माणसात त्या नव्याने उगवत नाहीत.

मोठा आवाज आला तर कानातला एक छोटा स्नायू आखडतो आणि हाडांची हालचाल कमी करतो. निसर्गाने दिलेली ही ढाल आहे. पण ती उभी राहायला सेकंदाचा काही शतांश भाग तरी लागतो, आणि बंदुकीचा धडाका सेकंदाच्या काही सहस्रांश भागात आटोपतो. ढाल येईपर्यंत वार होऊन गेलेला असतो. म्हणूनच अनेक देशांच्या कामगार-नियमांत १४० डेसिबलच्या वरचा धडाका उघड्या कानावर एकदाही पडू नये असे म्हटले आहे. इथे तासांचा हिशेब नाही. एक गोळीसुद्धा पुरते.

गोळीबार झाल्यावर कानात दडे बसतात, शीळ वाजते, आणि एक-दोन दिवसांत बरे वाटते. 'कान मोकळे झाले' म्हणून माणूस विसरून जातो. हे बरे होणे फसवे असू शकते. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची तपासणी पूर्ववत आली तरी पेशींना जोडलेल्या मज्जातंतूंची टोके कायमची गेलेली असतात. वरून घर शाबूत, आतली वायरिंग जळालेली.

हे बहिरेपण एका विशिष्ट क्रमाने येते. आधी उंच पट्टीचे स्वर जातात. कानाच्या तपासणीच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. हा गोळीबाराचा आणि कारखान्याच्या आवाजाचा शिक्काच समजा. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावा कान आधी बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याची व खांद्याची थोडी आड मिळते. निवृत्त फौजींची तपासणी करताना आम्ही हा डावा-उजवा फरक मुद्दाम पाहतो.

अशा माणसाला 'ऐकू येते, पण कळत नाही'. स, श, च, ख, फ ही अक्षरे विरून जातात. सात म्हटले की हात ऐकू येते, साठ म्हटले की आठ. पुरुषांचे बोलणे कळते, पण नातीचे बोलणे कळत नाही, कारण तिचा आवाज पातळ. लग्नाच्या मांडवात, गलक्यात, काहीच उमगत नाही. मग माणूस हसून मान हलवतो, चुकीचे उत्तर देतो, घरचे चिडतात, आणि हळूहळू तो ओसरीवर एकटा बसू लागतो. कित्येकांना कानातली शीळ रात्री झोपू देत नाही. अमेरिकेच्या माजी सैनिकांना सेवेतून झालेल्या अपंगत्वाबद्दल जी भरपाई मिळते, त्यात ही कानातली शीळ पहिल्या क्रमांकावर आहे. हात-पाय गेलेला जवान आपल्याला दिसतो, कान गेलेला दिसत नाही.

आपल्याकडे २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत निदान ६० डेसिबलची तूट असल्याशिवाय माणूस श्रवणबाधित गणला जात नाही. बंदुकीने कान गेलेल्या पुष्कळांचे बहिरेपण उंच पट्टीपुरते असल्याने ते या मापात बसतच नाहीत. दाखला मिळत नाही आणि बोलणेही कळत नाही, अशा कात्रीत ते सापडतात.

इकडचा कायदा, तिकडचा कायदा

अमेरिकेत १९३४ चा कायदा आला तो दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांच्या धुमाकुळानंतर. मशिनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर या सर्वांना त्याने एका माळेत ओवले. नोंदणी करायची आणि २०० डॉलर भरायचे. त्या काळी ही रक्कम एवढी मोठी होती, की लोकांनी ती वस्तू घेऊच नये हाच तिचा अर्थ होता. नव्वद वर्षांत रक्कम बदलली नाही आणि महागाईने ती आपोआप हलकी झाली.

२०१५ मध्ये 'श्रवणरक्षण' असे गोंडस नाव दिलेले विधेयक तिथल्या संसदेत आले. सायलेन्सरला साध्या रायफलीच्या पंक्तीला बसवावे, अशी मागणी होती. २०१७ मध्ये ते पुन्हा आले, पण त्याच वर्षी लास व्हेगासमध्ये भयानक गोळीबार झाला आणि विधेयक बाजूला पडले. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच या शहरात एका माणसाने सरकारी इमारतीत १२ जणांना ठार केले, तेव्हा त्याच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. अखेर ४ जुलै २०२५ रोजी अध्यक्षांच्या सहीने जो मोठा अर्थविषयक कायदा झाला, त्यात कर शून्य झाला. नोंदणी मात्र काढता आली नाही. ती चालू आहे. तिथल्या ५० पैकी ४२ राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगता येतो, ८ राज्यांत येत नाही.

याच्या उलट नॉर्वे आणि न्यूझीलंड पाहा. तिथले शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात. स्वतःचे आणि कुत्र्याचे कान वाचावेत, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये, म्हणून त्याला शिष्टाचारच मानतात. पण तिथे बंदूक मिळवणेच सोपे नाही. आधी प्रशिक्षण, मग पोलिसांची छाननी, मग परवाना. दार भक्कम असले की खिडकी उघडी ठेवायला भीती वाटत नाही. अमेरिकेत दारच सताड उघडे आहे, म्हणून खिडकीवर भांडण.

आणि आपण? १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे १९६२ चे नियम यांनी बंदुकीचा आवाज किंवा झळाळ कमी करणारी साधने बंदी असलेल्या शस्त्रांच्याच वर्गात घातली. सामान्य परवानाधारकाने सायलेन्सरचा विचारही करू नये, अशी आपली पद्धत. दारही बंद आणि खिडकीही बंद.

माझे मत

डॉक्टर म्हणून आम्हाला शिकवलेले आहे, की आवाज शक्यतो जिथे निर्माण होतो तिथेच कमी करावा. यंत्राला आवरण घालावे, कानात बोळा घालणे हा शेवटचा उपाय. या न्यायाने बंदुकीचा सायलेन्सर हे उत्तम साधन ठरते. तरीही आपल्याकडची बंदी उठवावी असे मला वाटत नाही. बंदुकीचा आवाज ही नुसती पीडा नाही, ती सूचनाही आहे. रानात गोळी सुटली तर वनरक्षकाला कळले पाहिजे. वस्तीत सुटली तर शेजाऱ्याने दार लावून पोलिसांना कळवले पाहिजे. शिकारचोर आणि सुपारी घेणारे यांच्या हातात आवाज उतरवणारे साधन सोपवण्याइतकी आपली व्यवस्था कडेकोट नाही. समाजाच्या हितासाठी ही बंदी योग्य आहे.

पण या बंदीला एक दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. समाजाच्या सुरक्षिततेसाठी बंदुकीचा आवाज मोठाच राहावा असे सरकार ठरवत असेल, तर त्या आवाजाजवळ ज्यांना सरकारच उभे करते त्यांचे कान झाकण्याची जबाबदारीही सरकारचीच आहे. शिपाई स्वतःच्या हौसेने गोळी झाडत नाही. कॅडेट आपल्या मनाने रेंजवर जात नाही. त्यांना हुकूम असतो. हुकूम देणाऱ्याने कानाचे झाकणही द्यावे. हा उपकार नव्हे, हिशेब आहे.

आपल्याच सरकारने १९९९ मध्ये फटाक्याला मर्यादा घातली. उडवण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाचा फटाका विकता येत नाही. सुतळी बॉम्बचा विचार करणाऱ्या व्यवस्थेने कानापासून दोन-अडीच हातांवर सुटणाऱ्या रायफलीचा विचार करू नये, हे बरे नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, रेंजवर 'कान झाकल्याशिवाय गोळी नाही' हा नियम असावा. गोळी झाडणाऱ्यालाच नव्हे, शेजारच्या फळीवरच्याला, मोजणी करणाऱ्याला, शिकवणाऱ्या हवालदाराला आणि बघ्या शिक्षकांनासुद्धा तो लागू असावा. दिवसभर उभा राहणारा उस्ताद सर्वांत जास्त धडाके ऐकतो. दुसरी, पोलीस भरतीच्या वेळी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी कानाचा आलेख काढावा. सुरुवातीचा आलेख नसेल तर पुढे नुकसान सेवेत झाले हे सिद्ध कसे करणार? तिसरी, शस्त्र परवान्याच्या अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, तो देताना कान तपासावेत आणि कान झाकण्याची पद्धत समजावून सांगावी. हे आम्हा डॉक्टरांच्या हातातले काम आहे. त्यासाठी मुंबईच्या मंत्रालयाची वाट पाहायला नको.

'मर्दाला कसले बोळे?' असे म्हणणारे आहेत. त्यांनी नेमबाजीच्या स्पर्धा पाहाव्यात. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. त्या दर्जाच्या खेळात .२२ ची लहान रायफल असते, तरी नेमबाज कान झाकूनच उभे राहतात. त्यात मर्दानगी कमी होत नाही. उलट दचकणे कमी होते आणि नेम सुधारतो.

कान कसे झाकावेत

कापसाचा बोळा हा कानरक्षक नाही. त्यातून आवाज सहज आत जातो. बोटे घालणेही नेम धरणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. फोमचे बोळे काही रुपयांत मिळतात. स्वच्छ हाताने बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. बाहेर लोंबकळणारा बोळा म्हणजे छत्री बगलेत धरून पावसात चालणे. बोळा कानात नीट बसणे किती महत्त्वाचे, याचे उदाहरण अमेरिकेतच आहे. सैनिकांना दिलेले कानातले बोळे सैल बसत असल्याच्या तक्रारींवरून थ्रीएम कंपनीने २०२३ मध्ये, दोष मान्य न करता, सुमारे ६ अब्ज डॉलर देऊन दावे मिटवले.

दुसरा प्रकार कानावर बसणाऱ्या कपांचा. चष्म्याची काडी किंवा टोपीची कड मध्ये आली तर फट राहते, तेवढे पाहावे. मोठ्या रायफलीच्या सरावाला आणि बंदिस्त रेंजमध्ये बोळे आणि कप दोन्ही वापरावेत. मात्र दोघांचे आकडे मिळवून बेरीज करू नये. एकावर दुसरे घातले की साधारण पाच-दहा डेसिबलची भर पडते, कारण काही आवाज कवटीच्या हाडातूनही कानात जातो. तरी ती भर मोलाची आहे.

शेतकरी बंधूंनी ठासणीची बंदूक रिकाम्या आवाजासाठी वापरतानाही कान झाकावेत आणि लहान मुलांना लांब ठेवावे. नळीत कार्बाइड घालून बार काढण्याचा जो खेळ अलीकडे निघाला आहे, त्याने २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. तो घरात आणूच नये. आणि वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

धडाक्यानंतर कानात शीळ वाजू लागली, कान बंद वाटला, रक्त आले किंवा चक्कर आली, तर कानात तेल, लसणाचा रस, थेंब असे काहीही घालू नये. पडदा फाटला असेल तर त्याने बिघाड वाढतो. दोन-तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. काही रुग्णांना वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडचा उपयोग होतो; महिन्याने गेल्यास सहसा काही हाती लागत नाही. जिल्हा रुग्णालयात कानाच्या तपासणीची चौकशी करावी. आणि ज्यांचे कान पूर्वीच गेले आहेत, त्यांनी श्रवणयंत्राची लाज धरू नये. चष्म्याची कोणी लाज धरतो का?

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. आपल्या घरात कोणी निवृत्त जवान किंवा पोलीस असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर 'मुद्दाम करतो' म्हणून रागावू नका. त्याच्या समोर बसा, तोंड दिसेल असे बोला, ओरडण्यापेक्षा सावकाश बोला, आणि एकदा त्याचा कान तपासून आणा. ज्यांच्या मुलांचा एन.सी.सी.चा कॅम्प जवळ आला आहे, त्यांनी पिशवीत टॉवेल-साबणाबरोबर फोमच्या बोळ्यांचा एक जोड टाकावा आणि तो घालायला घरीच शिकवावे. बंदुकीच्या तोंडाला काय लावायचे ते सरकार ठरवील. आपल्या पोराच्या कानात काय घालायचे, ते ठरवायला कोणाचा परवाना लागत नाही.